आंजीच्या पहिल्या गाडीनं येणाऱ्या बाई

एम.कॉम.च्या वर्गात पहिल्या बाकावर बसून तुरीच्या शेंगा सोलणारी एकच विद्यार्थिनी मी आयुष्यात पाहिली. डाव्या बाजूला शेंगांची थैली, उजवीकडे रिकामा डबा, समोर उघडी वही आणि नजर फळ्यावर. बोटं आपापलं काम करत राहायची. मधेच पेन उचलायची, दोन ओळी लिहायची, पेन खाली ठेवून पुन्हा शेंग उचलायची. तास संपेपर्यंत डबा भरलेला असे. तुरीचे दिवस सरले की वाटाणे, वाटाणे सरले की लसूण. लसणाच्या दिवसांत आमच्या सगळ्यांच्या वह्यांना फोडणीच्या तयारीचा वास यायचा.

आम्ही त्यांना बाई म्हणत असू, कारण त्या शाळेत शिक्षिका होत्या. सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. वर्धेच्या कॉलेजात एम.कॉम.चे तास सकाळी सात ते साडेनऊ असत, कारण शिकणारे सगळेच नोकरीवाले. आम्ही अकरा जण होतो. मी रोहण्याचा, सिंदी मेघेत एक खोली भाड्यानं घेऊन राहायचो आणि गावाबाहेरच्या एका जिनिंग फॅक्टरीच्या ऑफिसात कारकून होतो. माझं वय तेवीस. बाकीचे दोन-चार वर्षांनी मागेपुढे. बाई बेचाळीसच्या. अकरांत बाईमाणूस त्या एकट्याच, आणि वर्गात शिकवायला येणाऱ्या सरांपेक्षाही त्या मोठ्या.

सरांची तर वेगळीच पंचाईत होती. व्यवस्थापन शिकवणारे आमचे सर आठवीत असताना बाईंच्याच वर्गात होते. पहिल्या दिवशी सर आत आले, आम्ही उठलो, बाईही उठल्या. सरांचा चेहरा उतरला. दोन दिवस त्यांनी कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी हात जोडून म्हणाले, "बाई, तुम्ही उठत जाऊ नका. मला शिकवणं सुचत नाही."

"वर्गात तुम्ही सर," बाई शांतपणे म्हणाल्या. "वर्गाबाहेर भेटलास त पाय पडजो."

सर खरोखरच बाहेर व्हरांड्यात वाकून नमस्कार करायचे आणि मग आत येऊन हजेरी घ्यायचे. असे सर शेंगांवर काय बोलणार? स्टॅटिस्टिक्सचे प्राध्यापक मात्र नागपूरकडचे, कडक. त्यांनी एकदा खडू ठेवून विचारलं, "बाई, हा वर्ग आहे की भाजीबाजार?" बाईंनी शेंगा थैलीत घातल्या, हाताची घडी घातली. दहा मिनिटांनी सरांनी त्यांना प्रश्न विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, काही ऐकलं नाई. हात थांबले का माह्ये कान बंद होते. खोटं कायले सांगू?" सगळे हसले. सरही शेवटी हसले आणि म्हणाले, "सोला, बाई, सोला."

बाई आमच्याकडच्या बायांसारख्या 'मी जातो, मी करतो' असंच बोलायच्या. शाळेत शिकवताना मात्र त्यांची भाषा अगदी पुस्तकातली. मी एकदा याचं कारण विचारलं. म्हणाल्या, "तसं बोलाचा मले पगार भेटते. बाकीच्या वेळी फुकट काऊन बोलू?"

त्या आंजीच्या, मोठ्या आंजीच्या. सासर शेतीवाडीचं. घरात सासू, दोन मुलं, नवरा. पहाटे चारला उठून सगळ्यांचा स्वयंपाक करायचा, पहिली गाडी पकडून वर्धेला यायचं, साडेनऊपर्यंत कॉलेज, अकरा ते पाच शाळा, पाचनंतर तासभर मुलींचा खो-खो, आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी. खो-खोचा संघ त्यांचा स्वतःचा. शाळेनं तो त्यांना दिलेला नव्हता, त्यांनीच उभा केला होता. इतक्या धबडग्यात अभ्यास कधी करता, असं कोणीही विचारायचं. त्याचं उत्तर ठरलेलं होतं. प्रत्येक विषयाला त्यांनी एक जागा नेमून दिली होती. चुलीपाशी कॉस्टिंग. शाळेच्या मधल्या सुट्टीत अर्थशास्त्र. गाडीत व्यवस्थापन. ही वाटणी त्या कधी मोडत नसत. मी एकदा बसस्टँडवर त्यांना कॉस्टिंगमधली शंका विचारली तर म्हणाल्या, "ते घरी गेल्यावर. अठी नाई येत मले ते."

गाडीतला अभ्यास मोठ्यानं चालायचा. वही कंडक्टरच्या हातात. तिकिटं फाडून झाली की तो दरवाज्याशी उभा राहून परीक्षा घ्यायचा. "बाई, सांगा, नियोजनाची वैशिष्ट्यं." बाई डोळे मिटून सांगायच्या. एखादं राहिलं की कंडक्टर म्हणायचा, "एक सुटलं." हळूहळू दुधाच्या कॅनवाले, भाजीच्या टोपल्या घेऊन येणाऱ्या बाया, सगळ्यांना ती वैशिष्ट्यं पाठ झाली. मी एकदा रविवारी एका मित्राकडे आंजीला मुक्काम करून सोमवारी त्या पहिल्या गाडीनं परतलो. बाई कुठेशा अडल्या, तर मागच्या सीटवरून एक म्हातारी ओरडली, "लवचिकता व माय, लवचिकता!"

त्याच सकाळी मी बाईंच्या नवऱ्याला पाहिलं. उंच, काळासावळा, अबोल माणूस. बाईंची पुस्तकांची थैली खांद्याला लावून तो रोज गाडी येईपर्यंत फाट्यावर उभा राहायचा आणि गाडी आली की थैली आत देऊन शेताकडे वळायचा. गावातले लोक त्याची गंमत करत. मी होतो तेव्हाही एकानं म्हटलं, "काऊन गा, बायको शिकून राह्यली अन् तू थैली धरून राह्यला?" तो म्हणाला, "थैली जड हाये." बस, एवढंच. दोन वर्षांत मी त्याच्या तोंडून ऐकलेलं हे एकमेव वाक्य.

माझी आणि बाईंची खरी ओळख झाली ती मी एम.कॉम. सोडायला निघालो तेव्हा. कापसाचा हंगाम सुरू झाला होता. जिनिंगच्या फाटकापासून सडकेपर्यंत बैलगाड्यांची रांग लागायची. वजनाच्या पावत्या लिहिता लिहिता सात-आठ वाजत. त्यात मी कबड्डी खेळायचो. आमच्या मंडळाचे सामने आर्वी-पुलगावपर्यंत असत. सकाळचे तास बुडायला लागले. आलो तरी मी शेवटच्या बाकावर डोकं टेकून झोपायचो. एक दिवस तास संपल्यावर मी सहज म्हणालो, "बाई, मी उद्यापासून येत नाही. वेळच मिळत नाही."

बाईंनी डब्याला झाकण लावलं. "वेळ नाई असं म्हणू नोको. इच्छा नाई म्हण, मी ऐकून घेतो."

"इच्छा आहे. वेळ नाही."

"बरं. मंग तुहा कालचा दिवस सांग. उठल्यापासून."

त्यांनी थैलीतून कागद काढला. शाळेतल्या तपासून झालेल्या उत्तरपत्रिकांची कोरी राहिलेली पानं त्या फाडून ठेवायच्या. त्यांच्या सगळ्या नोट्स त्यावरच असत. मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. आंघोळ किती वेळ, हे विचारलं. ऑफिसात चहाला किती वेळा उठतो, तेही विचारलं. संध्याकाळपर्यंत आलो तेव्हा मी म्हणालो, "मग खेळ. मग पानठेला. मग जेवण."

"ठेल्यावर किती वेळ?"

"अर्धा तास."

बाई नुसत्या माझ्याकडे पाहत राहिल्या. आठवीच्या पोराकडे पाहावं तसं.

"दीड तास," मी म्हणालो.

"तठी काय करतं?"

"काही नाही. मित्र असतात."

"मित्र ठेवजो. ठेला सोड."

मी विचारलं, "आणि कबड्डी?" मला वाटलं होतं, त्या आधी कबड्डीच सोडायला सांगतील. घरी सगळे तेच सांगत होते. बाईंना आश्चर्यच वाटलं. "कबड्डी कायले सोडतं? आंग हललं नाई त डोकं झोपते. मीही पोट्ट्यांमागं धावतो तवाच रातच्याले झोप लागते मले." मग कागद माझ्या हातात दिला. "अन् झोपाचं असन त पहिल्या बाकावर येऊन झोप. निदान कानात त काही पडन."

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या शेजारी बसायला लागलो. आठवड्याभरात शेंगा सोलायलाही शिकलो.

त्याच हंगामात एकदा मी तापानं चार दिवस कॉलेजला आलो नाही. पाचव्या दिवशी अंगात ताप असतानाच ऑफिसला गेलो, कारण तिथं न जाऊन भागण्यासारखं नव्हतं. भर दुपारी, शाळेच्या मधल्या सुट्टीत, फाटकातून, गाड्यांच्या रांगेतून वाट काढत, पदर कमरेला खोचलेल्या बाई आत येताना दिसल्या. साऱ्या आवारात कापसाची भुकटी उडत होती. त्या सरळ मॅनेजरच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मॅनेजर जाडजूड, तापट माणूस. त्याला वाटलं कोणाची तरी आई गाडीचं वजन विचारायला आली.

"कोण पाहिजे?"

बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "याच्या वर्गातली हावो मी."

मॅनेजरला ते नीट कळलं नाही. "याची आत्या का?"

"नाई. वर्गमैत्रीण."

लेखनिकांच्या खोलीत असा हशा उठला की बाहेरचे हमाल डोकावून गेले. पुढे महिनाभर मला सगळे 'वर्गमैत्रीण कशी हाये?' विचारत होते. बाईंवर त्या हसण्याचा काडीचा परिणाम झाला नाही. त्यांनी चार दिवसांच्या नोट्स माझ्या टेबलावर ठेवल्या, माझ्या कपाळाला हात लावला आणि मॅनेजरकडे वळून म्हणाल्या, "याले ताप हाये. अन् एप्रिलात परीक्षेच्या दिवसाईत याले सुट्टी लागन. आत्ताच सांगून ठेवतो, मंग म्हणाल बाईनं सांगितलं नाई."

"बाई, इथं काम कोण करेल?"

"हेच त आमाले शिकवून राह्यले. एका माणसावाचून काम अडत असन त ते ऑफिस बराबर नाई." मला एप्रिलात सुट्टी मिळाली. माझ्या मागे टेबल सांभाळायला त्यानं दुसरा माणूसही तयार केला. पुढं मी नोकरी सोडली तेव्हा त्यालाच माझी जागा मिळाली.

पहिल्या वर्षाचा निकाल लागला. मी पास झालो. बाई स्टॅटिस्टिक्समध्ये नापास झाल्या. आमच्यापैकी कोणाला त्यांच्यासमोर जाववेना. त्या मात्र अकरा वाजता शाळेत गेल्या आणि दहावीच्या वर्गात फळ्यावर आपले गुण मोठ्या अक्षरात लिहिले. मला हे त्या शाळेतल्या एका मुलीनंच सांगितलं. बाई वर्गाला म्हणाल्या होत्या, "तुमच्या बाई नापास झाल्या आहेत. आता त्या अभ्यास कसा करतात ते पाहा, आणि मी चुकले तर मला सांगा." शाळेतल्या काही शिक्षकांना ते आवडलं नाही. मुख्याध्यापकांनी बोलावून समज दिली, की अशानं शाळेचं हसं होतं. बाई म्हणाल्या, "लपवलं असतं तर जास्त झालं असतं."

त्या नापासानं त्यांच्या विषयांच्या जागा बदलल्या. व्यवस्थापनाला चुलीपाशी हलवलं आणि गाडी स्टॅटिस्टिक्सला दिली. कंडक्टर बिचारा सूत्रांपुढे हतबल झाला. संध्याकाळी खो-खोच्या मैदानावर तर विचित्रच दृश्य दिसायचं. मुली खेळत असायच्या आणि बाई मैदानाकडे पाठ करून गणितं सोडवत बसायच्या. पाठमोऱ्याच ओरडायच्या, "खो उशिरा दिला! कोण ती?" पायांच्या आवाजावरून त्यांना सगळं कळायचं.

मी विचारलं, "पाठ का करून बसता?"

"हिवाळ्यात पुन्हा पेपर हाये. अन् मॅच त्याच दिवशी निघाली. मी नसन तठी. त्याईले माह्याकडे पाहाची सवय हाये, ते तोडून राह्यलो."

तो दिवस नोव्हेंबरचा. पेपर अकरा ते दोन, आणि जिल्ह्याचा अंतिम सामना दीड वाजता, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मैदानावर. सामन्याची वेळ बदलून मागा, असं सगळ्यांनी सुचवलं. बाईंनी मागितली नाही. पेपर लवकर सोडून उठा, असं मी म्हणालो. त्यावर त्या चिडल्या. "एकदा नापास झालो. आता तीन तास म्हणजे तीन तास. तू फक्त दोन वाजता सायकल घेऊन गेटवर येजो."

मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातून निघालो. दोनची घंटा झाली आणि बाई पायऱ्या उतरून धावतच आल्या. कॅरिअरवर बसल्या. "हाण," म्हणाल्या. वर्धेच्या रस्त्यानं बेचाळिशी ओलांडलेल्या बाईंना मागे बसवून मी जीव खाऊन पायडल मारत होतो आणि मागून त्यांचं सुरू होतं. "सहसंबंध काढला त एकाच्या वर आला. एकाच्या वर कसा येईन, सांग? असं कधी राह्यते का? घाम फुटला मले. पुन्हा केला. मंग शून्य पूर्णांक आठ आलं. तवा जीवात जीव आला." रस्त्यावरचे लोक वळून पाहत होते. चौकात आमचे व्यवस्थापनाचे सर समोरून आले, थांबून त्यांनी नमस्कारासाठी हात जोडले. बाई ओरडल्या, "आत्ता नाई, उशीर होते!"

मैदानापाशी पोचलो तेव्हा ढोल वाजत होता. सामना संपला होता. बाईंच्या मुली जिंकल्या होत्या, एका गुणानं. आम्हाला पाहून सगळ्या धावत आल्या. त्यांची कॅप्टन, वेण्या बांधलेली एक काटकुळी मुलगी, धापा टाकत सांगत होती, "बाई, शेवटच्या मिनिटाला मी ठरवलं, खांबापाशी बसलेलीला उठवायचं. तुम्ही असतात तर नसतं उठवू दिलं."

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग तिथंच, मैदानाच्या कडेला मातीत बसल्या आणि रडायला लागल्या. मुली घाबरल्या. मला वाटलं पेपर वाईट गेला असावा. मी जवळ जाऊन वाकलो तेव्हा त्या पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "माह्याबिगर जिंकल्या रे पोट्ट्या." त्यात आनंद किती होता आणि दुसरं काही किती, ते मला तेव्हा कळलं नाही. मी तेवीस-चोवीस वर्षांचा होतो. आता माझ्या हाताखालून इतकी मुलं गेल्यावर थोडं कळतं.

त्या पेपरात बाई पास झाल्या. पुढच्या एप्रिलात आम्ही दोघंही एम.कॉम. झालो. माझे गुण त्यांच्यापेक्षा बरेच जास्त होते.

आता सांगतो ते सांगताना मला अजूनही बरं वाटत नाही. त्या काळात अकरावी-बारावीचे वर्ग शाळांना नव्यानं जोडले जात होते. बाईंच्या शाळेतही कॉमर्सची अकरावी सुरू होणार होती आणि शिकवायला एम.कॉम. झालेला माणूस लागणार होता. बाई एम.कॉम.ला बसल्या त्या याचसाठी. ही जागा निघणार, हे मला त्यांच्याकडूनच कळलं होतं. कधीतरी शेंगा सोलता सोलता त्या बोलल्या होत्या. जाहिरात आली आणि मी अर्ज केला. त्यांना सांगितलं नाही. रोज ठरवायचो, आज सांगू. रोज राहायचं. जिनिंगमधल्या पावत्यांचा मला उबग आला होता, हे खरं. माझे गुण चांगले आहेत, हेही मनात होतं.

मुलाखतीच्या दिवशी मी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. थोड्या वेळानं बाई आल्या. मला पाहून त्या थबकल्या, मग येऊन शेजारी बसल्या.

"काऊन रे, चोरासारखा बसला?"

"बाई, मी सांगणार होतो."

"नाई सांगणार होता." त्यांनी डबा उघडला, अर्धी पोळी माझ्या हातात ठेवली. "अर्ज केला, हे बराबर केलं. लपवलं, ते चूक. अन् मी मांगं सरकन असं मनात असन त काढून टाक. वीस वर्ष झाले मले खडू खाऊन. ही जागा मले पायजे."

"हो, बाई."

"खा मंग."

तोंडी प्रश्नांची उत्तरं मी चांगली दिली. मग मुख्याध्यापक म्हणाले, "चला, आता वर्गावर वीस मिनिटं शिकवून दाखवा." मला हे माहीतच नव्हतं. साठ मुलांसमोर मी उभा राहिलो आणि माझी जीभ टाळूला चिकटली. वीस मिनिटं मी फळ्याकडे तोंड करून संघटनेची तत्त्वं लिहीत राहिलो. नंतर बाई त्याच वर्गावर गेल्या. मी बाहेर ऐकत उभा होतो. त्यांनी बाजारातल्या वांग्यांवरून मागणीचा नियम शिकवला, आणि पाच मिनिटांत सगळा वर्ग भाव पाडून वांगी मागत होता. जागा बाईंना मिळाली. मिळायलाच हवी होती. पण मी त्यांचं अभिनंदन न करता निघून गेलो, आणि पुढचे चार-पाच महिने बसस्टँडची वाटही टाळली.

एका दुपारी बाई पुन्हा जिनिंगमध्ये हजर झाल्या. रुसव्याफुगव्याचं एक अक्षर काढलं नाही. वर्तमानपत्राचं कात्रण टेबलावर ठेवलं. "आर्वीले जागा निघाली. तुह्या गावाजवळ हाये. अर्ज लिही, मी बसतो." मी लिहिला. पाकीट त्यांनीच थैलीत घातलं. मग म्हणाल्या, "शनिवारी सकाळची शाळा राह्यते. माह्या अकरावीवर येऊन शिकवजो."

चार शनिवार मी त्यांच्या वर्गावर शिकवलं. बाई शेवटच्या बाकावर बसायच्या. पहिल्या शनिवारी मी सवयीनं फळ्याकडे वळलो तर मागून आवाज आला, "फळ्याले काऊन शिकवून राह्यला? त्याले सगळं येते. पोट्ट्याईकडे पाहा." वर्ग हसला, मीही हसलो, आणि कुठेतरी जीभ सुटली. चौथ्या शनिवारी त्या काहीच बोलल्या नाहीत. आर्वीची जागा मला मिळाली. तिथं मी नोकरीची सगळी वर्षं काढली.

ऐंशीच्या दशकात केव्हातरी, बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत, केंद्राची पाहणी करायला आलेल्या पथकात बाई होत्या. केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता. चाल तीच. पेपर सुरू झाला, सगळ्या खोल्या शांत झाल्या आणि आम्ही दोघं स्टाफरूममध्ये बसलो. मी चहा सांगितला. मुलांची चौकशी झाली, शेताची झाली. माझ्या सहकाऱ्यांना मी कौतुकानं सांगितलं, की या माझ्या वर्गातल्या. माझ्याशी समोरासमोर स्पर्धा करून यांनी मला हरवलं आणि मग हाताला धरून इथवर आणलं. सहकारी गेल्यावर बाईंनी चहाचा कप बाजूला सारला.

"मी तुले चार शनिवार शिकवाले बोलावलं. काऊन, ते तू कधी विचारलं नाई."

"मला नोकरी लागावी म्हणून."

"ते त होतंच." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्या मुलाखतीत वर्गावर शिकवून दाखवा लागन, हे मले दोन दिवस आधी माहीत होतं. शाळा माहीच, मले कळलं. तुले माहीत नव्हतं, हे तुह्या तोंडावरून दिसत होतं. तुले म्हटलं लपवणं चूक हाये, अन् मीही त्याच बाकावर लपवून बसलो होतो. पोळी दिली, पण ते सांगितलं नाई."

इतकी वर्षं मी ती गोष्ट वेगळीच सांगत आलो होतो.

"सांगितलं असतं तरी जागा मलेच भेटली असती," बाई म्हणाल्या.

"हो, बाई. तुम्हालाच."

"हाव. पण सांगाले पायजे होतं." त्यांनी चष्मा हातात घेतला. "माफ केलं का?"

"बाई, तुमच्यामुळं मी इथं आहे. मला नोकरी तुम्ही—"

"ते नाई विचारलं मी."

बाहेर व्हरांड्यात शिपायानं अर्ध्या वेळेचा टोल दिला. बाई माझ्याकडे पाहत होत्या, आणि उत्तर मिळाल्याशिवाय त्या उठणार नव्हत्या.

"केलं," मी म्हणालो.

"मंग झालं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पाहायच्या राहिलेल्या दोन खोल्या पाहायला त्या निघून गेल्या.